रस्त्यावरची गाडी आणि दंडाची पावती

जुन्या पेठेतील रस्ता पुष्कळदा सहा मीटर रुंदीचा असतो. त्याच्या दोन्ही कडांना एकेक मोटार उभी राहिली, की भिंतीपासूनचे अंतर धरून प्रत्येक मोटार सुमारे दोन मीटर जागा व्यापते. मध्ये उरतात दोन मीटर. अग्निशामक बंबाची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते. हे गणित चौथीतल्या मुलालाही सुटण्यासारखे आहे. तथापि पेठेत आग लागेपर्यंत ते कोणी मांडीत नाही. मग बंब येतो, कोपऱ्यावर अडतो, भोंगा वाजत राहतो, आणि आडवी लावलेली मोटार कोणाची याचा शोध शेजारच्या इमारतींतून सुरू होतो.

अशी मोटार लावणाऱ्यास आपण काही अपराध करीत आहोत असे वाटत नाही, ही या प्रश्नातील खरी अडचण होय. चौकातील लाल दिवा ओलांडणारा वाहनचालक निदान इकडेतिकडे पाहतो. औषधाच्या दुकानासमोर गाडी तिरपी लावून आत शिरणारा गृहस्थ मात्र ‘दोन मिनिटांत आलो’ असे म्हणतो आणि निर्धास्त होतो. त्याची गाडी जागची हलत नाही, कोणाला धडकत नाही, मग बिघडले कोठे, असा त्याचा भाव असतो. बिघडते ते पुष्कळांचे थोडेथोडे. पदपथ अडल्याने शाळकरी मुले रस्त्यावर उतरतात. एस. टी. ला थांब्याशी लागता येत नाही, म्हणून ती भर रस्त्यात थांबते आणि म्हातारी माणसे रहदारीच्या मधोमध उतरतात. अंध व्यक्तीची काठी पदपथावरच्या दुचाकीच्या चाकाला लागते व तिला वाट सोडून खाली यावे लागते. गैरसोय शेकडो जणांत वाटली जाते, सोय मात्र एकट्याच्या पदरात पडते. तक्रार करण्यास एकही जण पुढे येत नाही, कारण प्रत्येकाच्या वाट्याला आलेले नुकसान तक्रारीइतके मोठे नसते. हे काम म्हणूनच शासनयंत्रणेला करावे लागते. ते दंडाने कितपत होते आणि केव्हा होत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कायद्यातील तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२२ अन्वये वाहनाचा ताबा असलेल्या व्यक्तीने ते सार्वजनिक ठिकाणी अशा रीतीने सोडून देता कामा नये वा उभे ठेवता कामा नये, की ज्यामुळे इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अथवा होण्याचा संभव असेल. यातील ‘होण्याचा संभव’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अपघात घडेपर्यंत किंवा रहदारी प्रत्यक्ष तुंबेपर्यंत पोलिसांनी वाट पाहावी, अशी कायद्याची अपेक्षा नाही. ‘कोणाचे काय अडले होते ते दाखवा’ हा वाहनचालकांचा नेहमीचा युक्तिवाद या शब्दांपुढे टिकत नाही.

दंडाची सर्वसाधारण तरतूद कलम १७७ मध्ये आहे. मूळ अधिनियमात ती पहिल्या अपराधासाठी १०० रुपयांपर्यंत आणि नंतरच्या अपराधासाठी ३०० रुपयांपर्यंत होती. २०१९ च्या सुधारणेने हे आकडे अनुक्रमे ५०० व १,५०० रुपये झाले, आणि कलम २०० खालील तडजोड शुल्काच्या रूपाने महाराष्ट्रात सुधारित दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. वाहतुकीच्या प्रवाहास अडथळा आणणाऱ्या वाहनाविषयी कलम २०१ आहे. पूर्वी हे कलम नादुरुस्त वाहनांपुरते मर्यादित होते. २०१९ मध्ये ती मर्यादा काढण्यात आली. कलम १२७ अन्वये दहा तास वा अधिक काळ बेवारस सोडलेले, अथवा मनाई असलेल्या जागी लावलेले वाहन ओढून नेता येते, किंवा ज्याला बोलीभाषेत जॅमर म्हणतात ती लोखंडी बेडी त्याच्या चाकाला घालता येते. असा अधिकार देण्याची मुभा हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याला आहे. वाहन ओढून नेण्याचा खर्च मालकावर पडतो व तो दंडाहून वेगळा असतो.

याशिवाय सार्वजनिक रस्त्यात अडथळा करणे हा सर्वसाधारण फौजदारी कायद्यानेही अपराध आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम २८३ मध्ये त्यास २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये तो ५,००० रुपयांपर्यंत आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम १०२ तर विशेष वाचनीय आहे. चढउतारास लागेल त्याहून अधिक वेळ वाहन रस्त्यात उभे ठेवणे आणि रस्त्यात गुरे बांधणे, या दोहोंचा उल्लेख त्यात एकाच दमात येतो. बैल बांधलेला दिसला तर शेजारी बोलतात; मोटार दिसली की वळसा घालून जातात.

‘पाटी नव्हती’

दंडाची पावती फाडली जात असताना सर्वाधिक ऐकू येणारा आक्षेप म्हणजे ‘येथे पाटी कोठे आहे?’ हा होय. हा आक्षेप कधी रास्त असतो, तर कधी नसतो. आणि यातील फरक पुष्कळ वाहनचालकांना, क्वचित दंड करणाऱ्यांनाही, नीट माहीत नसतो.

काही जागा अशा आहेत की तेथे पाटी असो वा नसो, वाहन उभे करणे चुकीचेच आहे. १९८९ च्या रस्तावापर नियमावलीत त्यांची यादी दिलेली होती. चौक व वळण, चढाचा माथा, कमानी पूल, पदपथ, वाहतूक दिवे आणि पादचारी पट्ट्यांची जवळपास, बसथांबा, शाळेचे व रुग्णालयाचे प्रवेशद्वार, दुसऱ्याच्या आवाराचे फाटक, अग्निशामक नळ, वाहतुकीचे चिन्ह झाकले जाईल अशी जागा आणि आधीच उभ्या असलेल्या वाहनाची दुसरी बाजू या ठिकाणी वाहन लावण्यास मनाई होती. २०१७ मध्ये या नियमावलीची जागा मोटार वाहन (वाहनचालन) विनियमांनी घेतली. तथापि मूळ सूत्र कायम राहिले. शाळेच्या फाटकासमोर स्कूटर लावून मुलाची वाट पाहणाऱ्या पालकाला ‘येथे पाटी नाही’ असे म्हणण्याचा अधिकार नाही. शिक्षकांनी पालकसभेत एवढे एक वाक्य स्पष्ट सांगितले, तरी शाळा सुटण्याच्या वेळची निम्मी कटकट संपेल.

बाकीच्या रस्त्यांवर मात्र मनाई करावयाची तर ती रीतसर अधिसूचित झाली पाहिजे आणि चिन्हाने दिसली पाहिजे. ‘वाहन लावू नये’ याचे चिन्ह निळ्या गोलावर लाल कडा आणि एकच तिरपी रेघ असे असते. ‘थांबूही नये’ याच्या चिन्हात दोन रेघांची फुली असते. पहिल्या चिन्हापाशी उतारू उतरविण्यापुरते थांबता येते, दुसऱ्यापाशी तेही नाही. हा फरक परवान्याच्या परीक्षेपुरता पाठ केला जातो व पुढे विसरला जातो. पुण्यासारख्या शहरात सम आणि विषम तारखांना रस्त्याच्या आलटून पालटून बाजूंना गाड्या लावण्याची पद्धत आहे. तेथे पाटीवरचा आकडा पुसट झाला असेल, झाडाच्या फांदीआड गेला असेल, किंवा त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक लागला असेल, तर केलेला दंड कायदेशीर ठरला तरी नागरिकाला तो न्याय्य वाटत नाही. दंडाची मोहीम हाती घेण्यापूर्वी पाट्या पुसून, रंगवून व फांद्या छाटून घेणे हे खर्चाचे काम नाही. ते बहुधा राहून जाते, एवढेच.

अंधारात उभी असलेली ट्रॉली

हा प्रश्न शहरांपुरता आहे, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. शहरातील बेशिस्त गाडी बहुतांशी वेळ खाते; गावाबाहेरच्या रस्त्यावरची जीव घेते. गळिताच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रस्त्यांवरून रात्री जाणाऱ्या प्रत्येकाने उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला, क्वचित अर्ध्या रस्त्यावर, उभ्या असलेल्या पाहिल्या असतील. चाक पंक्चर झालेले असते किंवा आस मोडलेला असतो. ट्रॅक्टर पुढची ट्रॉली घेऊन निघून गेलेला असतो. मागे बाहेर आलेल्या उसाच्या मोळ्यांनी परावर्तक झाकले गेलेले असतात. चार दगड मांडून ठेवले की सूचना झाली असे मानले जाते. आणि ट्रॉली हलविल्यावर ते दगड तेथेच राहतात, म्हणजे धोका जातो आणि नाहीही. दुचाकीच्या मंद दिव्यात ट्रॉली दिसते तेव्हा अंतर उरलेले नसते.

केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालांत उभ्या वाहनावर आदळून झालेल्या अपघातांचा स्वतंत्र रकाना असतो, आणि त्या रकान्यातील मृतांची देशभरातील संख्या हजारांत असते. रस्त्यावर थांबलेल्या मोटार वाहनाचे दिवे जळते ठेवता यावेत यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०९ मध्ये स्वतंत्र दिव्यांची तरतूद आहे. ट्रॉलीच्या बाबतीत निदान मागे न झाकले जाणारे परावर्तक आणि तांबडे कापड किंवा कंदील, एवढे तरी हवेच.

अशा ठिकाणी दंडाची पावती फारशी कामाची नाही. रात्री दोन वाजता त्या रस्त्यावर पावती फाडणारे कोणी नसते, आणि अपघातानंतर केलेल्या दंडाने गेलेला मनुष्य परत येत नाही. उपाय आधीचे आहेत. कारखान्याच्या गाडीतळावर जागा नसल्याने वाहनांची रांग बाहेरच्या रस्त्यावर येत असेल, तर तोडणीचा आणि वजनकाट्याचा मेळ कारखान्याने बसवावयास हवा. नादुरुस्त ट्रॉली हलविण्यासाठी हंगामापुरता एक ट्रॅक्टर त्या मार्गावर राखून ठेवावा. परावर्तक नसलेल्या ट्रॉलीस काट्यावर न घेण्याचा नियम पोलिसांच्या दंडापेक्षा लवकर पाळला जाईल, कारण तो चुकविता येत नाही.

दंडाचे गणित

‘चुकविता येत नाही’ या शब्दांतच दंडाच्या परिणामकारकतेचे मर्म आहे. दंड वाढविला की शिस्त येते, असे सभांतून वारंवार सांगितले जाते. एक साधा हिशेब करून पाहावा. समजा, बाजारपेठेत मनाई असलेल्या जागी गाडी लावणाऱ्यास पन्नास वेळांतून एकदाच पावती मिळते आणि दंड ५०० रुपये आहे. म्हणजे दर खेपेस त्याला सरासरी १० रुपये पडले. शेजारच्या वाहनतळाचे शुल्क २० रुपये असेल, तर नियम पाळणारा २० रुपये देतो आणि मोडणारा १०. आता दंड दुप्पट केला तरी दोघे बरोबरीलाच येतात. त्याऐवजी दंड ५०० वरच ठेवून पावती दहा वेळांतून एकदा मिळू लागली, तर नियम मोडणे ५० रुपयांना पडते. रक्कम तीच असूनही वाहनतळ स्वस्त होतो.

माणसाचे मन केवळ हिशेबाने चालत नाही, हेही खरे. पण ते दंडाच्या विरुद्धही जाते. इस्राएलमधील हैफा शहरात दहा बालवाड्यांत एक प्रयोग करण्यात आला होता व त्याचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. संध्याकाळी मुलाला नेण्यास उशीर करणाऱ्या पालकांना काही बालवाड्यांनी छोटासा दंड ठेवला. उशीर कमी होण्याऐवजी वाढत जाऊन जवळजवळ दुप्पट झाला. तोवर पालकांना बाईंना तिष्ठत ठेवल्याचा संकोच वाटत असे. दंड आल्यावर ते उशिराचे भाडे झाले, आणि भाडे भरले की संकोच कशाला? दंड मागे घेतल्यावरही तो संकोच परतला नाही. वाहन लावण्याच्या बाबतीत अल्प आणि क्वचित मिळणाऱ्या दंडाचे नेमके हेच होते. तो दंड न राहता सवलतीच्या दराचे भाडे बनतो.

याउलट खात्रीचा परिणाम किती मोठा असू शकतो, याचे उदाहरण न्यूयॉर्कमध्ये सापडते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या कार्यालयामुळे तेथे सर्व देशांचे राजनैतिक अधिकारी राहतात आणि त्यांच्याकडून दंड वसूल करता येत नसे. १९९७ ते २००२ या पाच वर्षांत त्यांच्या गाड्यांवरील न भरलेल्या पावत्यांची संख्या दीड लाखांहून अधिक, आणि रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक झाली. रेमंड फिसमन व एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते, की माणशी पावत्यांत कुवेतचे अधिकारी सर्वांत पुढे होते, तर स्वीडन, नॉर्वे, जपान यांच्या खाती थकलेली एकही पावती नव्हती. दंडाची भीती नसतानाही नियम पाळणारे असतात, ही त्यातील सुखद बाजू. दुसरी बाजू अशी, की २००२ च्या अखेरीस तीनपेक्षा अधिक पावत्या थकविणाऱ्या गाडीची राजनैतिक नंबरपाटी काढून घेण्यास शहराने सुरुवात केली, आणि थकणाऱ्या पावत्यांचे प्रमाण सुमारे ९८ टक्क्यांनी घटले. अधिकारी तेच होते, दंडाचे दरही वाढविलेले नव्हते; पावती टाळता येत नाही एवढाच फरक पडला.

जपानने हाच धडा वेगळ्या रीतीने गिरविला. गाडी चालविणारा हजर नसताना पावती कोणाच्या नावे फाडावी, हा या अपराधातील जुना प्रश्न आहे. जपानमध्ये पूर्वी चालकाने स्वतः हजर व्हावे लागे, आणि जो हजर होत नसे तो सुटून जाई. १ जून २००६ पासून दंडाची जबाबदारी वाहन बाळगणाऱ्यावर टाकण्यात आली व तो न भरल्यास वाहनाची सक्तीची नियतकालिक तपासणी अडविण्यात येऊ लागली. तपासणीविना गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे मागे लागण्याचे कामच उरले नाही.

आपल्याकडे या दिशेने सुरुवात झालेली आहे. छायाचित्रासह ई-चलान वाहनाच्या नोंदणीकृत मालकाच्या भ्रमणध्वनीवर जाते, आणि थकबाकीदाराच्या वाहनाचे परिवहन कार्यालयातील पुढील काम रोखण्याची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. परंतु ई-चलानच्या थकबाकीचा डोंगर राज्यात वाढतच गेला, आणि लोकअदालतींमधून तडजोडीने वसुली करण्याची वेळ वाहतूक पोलिसांवर वारंवार आली. थकविले की काही टक्के सुटतात, असा अनुभव नागरिकांना येऊ देणे धोक्याचे आहे. वेळेवर भरणाऱ्याला मग तोच मूर्ख ठरल्यासारखे वाटते.

मुंबईचा अनुभव

रक्कम मोठी ठेवून पाहण्याचा प्रयोग मुंबई महानगरपालिकेने ७ जुलै २०१९ पासून केला. सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटरच्या परिसरात रस्त्यावर बेकायदा लावलेल्या मोटारीस १०,००० रुपयांचा, दुचाकीस ५,००० रुपयांचा आणि अवजड वाहनास १५,००० रुपयांचा दंड, ओढणावळीसह, ठेवण्यात आला. यातील एक तत्त्व निःसंशय योग्य होते. जेथे गाडी लावण्यास जागा उपलब्ध आहे, तेथेच कडक दंड. जेथे नाही, तेथे नाही. जागा असून ती रिकामी ठेवायची आणि रस्ता अडवायचा, यास सबब नाही.

रकमेच्या बाबतीत मात्र महापालिकेला माघार घ्यावी लागली व काही महिन्यांतच दर बरेच खाली आणण्यात आले. यात नवल नाही. दुचाकीवरून माल पोहोचविणाऱ्याला ५,००० रुपये म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. मोठ्या गाडीच्या मालकाला १०,००० रुपये म्हणजे एक दूरध्वनी करण्याचे निमित्त. दंड जितका जबर, तितके तो टाळण्यासाठी खर्च करण्याची तयारी अधिक. जागेवर वादावादी होते, ओळखी निघतात, आणि पावती फाडणाऱ्या कर्मचाऱ्याचाच हात आखडतो. साहजिकच मोठा दंड क्वचित होतो. आणि क्वचित होणाऱ्या दंडाचे काय होते ते वर पाहिलेच आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख येथे करणे आवश्यक वाटते. मोहिमेचे यश किती लाख रुपये वसूल झाले यावर मोजण्याची आपल्या कार्यालयांतील पद्धत चुकीची आहे. दंड हे महसुलाचे साधन नव्हे. ज्या रस्त्यावर दरमहा तेवढ्याच पावत्या फाटत आहेत, तेथे काहीही सुधारलेले नाही, असाच त्याचा अर्थ होतो. वसुलीचा आकडा शून्याकडे जात असेल आणि रस्ता मोकळा असेल, तर त्या अधिकाऱ्याचे काम उत्तम मानावयास हवे. अहवालात मात्र तोच मागे पडलेला दिसतो.

अधिकार कसा वापरला जातो

गाडी ओढून नेण्याच्या कारवाईबद्दल नागरिकांत जो राग आहे, तो सगळाच बेशिस्तीतून आलेला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईतील मालाड येथे मागच्या आसनावर तान्ह्या बाळासह आई बसलेली असताना मोटार ओढून नेण्यात आली. त्या प्रकरणी संबंधित पोलिसाला निलंबित करण्यात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यातील नाना पेठेत स्वार बसलेला असताना दुचाकी उचलली गेल्याचे छायाचित्र सर्वत्र पसरले. असा एक प्रसंग हजार योग्य कारवायांची विश्वासार्हता घालवितो. गाडी उचलणारी मुले ठेकेदाराची असतात. निर्णय मात्र गणवेशातील अधिकाऱ्याचा असला पाहिजे, आणि ठेकेदाराचा मोबदला उचललेल्या गाड्यांच्या संख्येवर ठरत असेल, तर सोयीची गाडी उचलली जाणार आणि अडचणीची राहणार, हे उघड आहे. दुचाकी उचलणे सोपे. चौकातच उभा असलेला ट्रक तसाच राहतो.

उचलण्यापूर्वी ध्वनिवर्धकावरून क्रमांक पुकारणे, छायाचित्र घेणे, मालक तेवढ्यात आला तर पावती देऊन गाडी तेथेच सोडणे आणि गाडी कोठे नेली ते जागेवर लिहून ठेवणे या चार गोष्टी कटाक्षाने झाल्या, तर तक्रारी पुष्कळ कमी होतील. तारतम्याची गरज तर प्रत्येक देशात पडते. लंडनमध्ये सप्टेंबर १९६० मध्ये वाहन लावण्यावर देखरेख करणारे खास कर्मचारी प्रथमच रस्त्यावर आले. त्यांनी दिलेली पहिलीच पावती, दोन पौंडांची, हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला पाहण्यासाठी धावलेल्या एका डॉक्टरला गेली. लोकांनी गहजब केला व डॉक्टरांना तो दंड माफ झाला. व्यवस्था मात्र चालू राहिली. अपवाद करता येतो म्हणून नियम सैल करावा लागत नाही.

जागेचा प्रश्न आणि ग्रामपंचायतीचे काम

दंड न्याय्य ठरण्यासाठी गाडी लावण्याची दुसरी जागा दाखविता आली पाहिजे, हे मान्य केले तरी ती जागा फुकटच असावी असे नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीसाठी अडीच मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, जागा धरलेली आहे. चौरस फुटांत ती सुमारे १३५ होते. मुंबईच्या बीडीडी चाळीतील एका कुटुंबाची खोली १६० चौरस फुटांची होती. एवढी जागा बाजारपेठेत दिवसभर विनामूल्य मिळावी, अशी अपेक्षा अन्य कोणत्याही वस्तूबाबत कोणी करणार नाही. जपानमध्ये १९६२ च्या कायद्याने मोटार घेणाऱ्यास ती ठेवण्याची जागा आधी दाखवावी लागते. महाराष्ट्रातही अशा प्रमाणपत्राची अट घालण्याचा विचार २०२५ मध्ये शासनाने बोलून दाखविला.

मोठ्या ग्रामपंचायती आणि तालुक्याची गावे यांनी मात्र धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. मोटार वाहन अधिनियमाखाली दंड करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही, ही गोष्ट खरी. तथापि कलम ११७ अन्वये वाहने उभी करण्याच्या जागा ठरविताना स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. तेव्हा ग्रामपंचायतीने ठराव करून, नकाशा जोडून तो पोलीस ठाण्याकडे व तहसील कार्यालयाकडे स्वतःहून पाठवावा. रस्त्यावर पुढे आलेले ओटे, पत्रे आणि टपऱ्या हटविण्यासाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५३ हाताशी आहेच. अतिक्रमण जागचे न हलविता केवळ गाडीवाल्यांना दंड करणे फार काळ चालत नाही.

ठरावापूर्वी एक छोटी पाहणी करावी. तीस एक हजार लोकवस्तीच्या गावातही ती शाळेच्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून एका दिवसात होऊ शकते. बाजाराच्या रस्त्याचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडावेत. प्रत्येक तुकड्यावर दोन मुलांनी सकाळी नऊ ते सायंकाळी सहा या वेळेत दर अर्ध्या तासाला एकदा फेरी मारून उभ्या वाहनांच्या क्रमांकातील शेवटचे चार आकडे वहीत लिहावेत. दुचाकी, रिक्षा, मोटार, मालवाहू टेम्पो अशी खूण पुढे करावी. मुले रस्त्यात उतरणार नाहीत, पदपथावरून किंवा दुकानांच्या ओट्यावरून नोंद घेतील, याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. संध्याकाळी वह्या एकत्र केल्या, की कोणते वाहन किती फेऱ्यांत दिसले यावरून ते किती वेळ उभे होते ते कळते.

अशा पाहणीत पुष्कळदा एक अनपेक्षित गोष्ट पुढे येते. दिवसभर जागा अडविणाऱ्या गाड्या गिऱ्हाइकांच्या नसून त्याच पेठेतील दुकानदारांच्या व नोकरवर्गाच्या असतात, आणि ‘गाडी लावू दिली नाही तर धंदा बसेल’ ही तक्रारही बहुधा त्यांचीच असते. एका मोटारीच्या जागी दिवसाकाठी दहा-बारा गिऱ्हाइके येऊन जाऊ शकली असती, हे वहीतील आकड्यांवरून दाखविता आले, तर व्यापारी संघ स्वतःहून आपल्या गाड्या बाजार समितीच्या आवारात किंवा शाळेच्या मागील पटांगणाबाहेर नेण्यास तयार होतो. सरपंचांच्या आवाहनापेक्षा या वह्यांचा उपयोग अधिक होतो.

त्यानंतर पांढरे पट्टे आखावेत. मालाची चढउतार सकाळी दहापूर्वी उरकण्याची वेळ ठरवावी. प्रवासी जीपगाड्यांना, ज्यांना कोठे वडाप तर कोठे काळी-पिवळी म्हणतात, एस. टी. थांब्यापासून दूर स्वतंत्र जागा द्यावी. पहिले पंधरा दिवस चुकीच्या जागी लावलेल्या गाडीवर दंड न करता छापील सूचनाचिठ्ठी लावावी व तिच्यावर योग्य जागेचा साधा नकाशा असावा. सोळाव्या दिवसापासून पोलिसांनी पावत्या फाडाव्यात, त्यात पंचायत समिती सदस्यांची गाडीही असावी, आणि त्या रोज फाडाव्यात. आठवड्यातून एकदा मोठा ताफा आणून नव्हे. तीन महिन्यांनी तीच पाहणी त्याच मुलांकडून पुन्हा करून घ्यावी. मात्र दोन्ही पाहण्यांचा वार एकच असावा, कारण आठवडे बाजाराच्या दिवसाची तुलना इतर दिवसाशी केल्यास आकड्यांचा काहीही अर्थ लागत नाही.